शिकारी पक्ष्यांची भूक आणि त्यांची दुखणी



गेल्या वर्षी कार्तिकात मी वडिवळ्याला गेलो होतो. नाणे मावळातले हे गाव. कामशेतला गाडीतून उतरायचे आणि आत वळायचे. एका अंगाला धरणाचे पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मधे भाताची खाचरे. भात कापणीला आले होते. ज्यांच्याकडे मी उतरलो होतो, त्यांना सारा गाव आबा म्हणतो. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण अजून पहाटे उठून खाचरावर जातो.

तिन्हीसांजेला आबांनी मला गोठ्यात नेले. कोपऱ्यात एक पाटी पालथी घातलेली होती. ती उचलली, तर खाली गव्हाणी घुबडाचे पिल्लू. हे घुबड तुम्ही पाहिलेले आहे. बदामाच्या आकाराचे पांढरे तोंड, अंगावर सोनेरी करडी पिसे. पडक्या वाड्यात, देवळाच्या शिखरात, माळ्यावर राहते. हे पिल्लू मात्र अगदी खंगलेले होते. छातीचे हाड नांगराच्या फाळासारखे वर आलेले. पिसे बाजूला सारली, तर चपट्या माश्या इकडून तिकडे पळाल्या.

आबा म्हणाले, “मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. मला एवढंच सांगा. हे उपाशी राहिलं म्हणून आजारी पडलं, का आजारी पडलं म्हणून उपाशी राहिलं?”

मी लगेच बोललो नाही. कारण या प्रश्नामागे दुसरा एक प्रश्न होता, आणि तो थोड्या वेळाने आबांनी स्वतःच सांगितला. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी बांधावरच्या बिळांतून उंदरांचे औषध टाकले होते. उंदीर मेले, भात वाचले. पण मेलेल्या उंदरांवर पोट असलेले एक घर त्यांच्याच गोठ्याच्या आढ्यावर होते, हे त्यांच्या ध्यानात नंतर आले. पिल्लू उपाशी राहून आजारी पडले असेल, तर दोष आपला. आधीच आजारी असेल, तर देवाची करणी. म्हाताऱ्याला उत्तर हवे होते ते यासाठी.

पिल्लू वनखात्याच्या लोकांकडे पोचवायचे ठरले होते, पण पहाटेच ते गेले. त्या एका पिल्लाबद्दल मी काही सांगू शकलो नाही. पण आबांचा प्रश्न मोठा आहे. जगातल्या जाणत्या संशोधकांनी तो विचारला आहे आणि त्याच्या उत्तरासाठी वर्षानुवर्षे खपले आहेत. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते त्यांना काय आढळले याविषयी.

प्रथम परोपजीवी म्हणजे काय ते पाहू. आंब्यावरचे बांडगूळ तुमच्या परिचयाचे आहे. मुळे जमिनीत नाहीत, पाणी आंब्याचे प्यायचे आणि आपण हिरवे राहायचे. प्राण्यांच्या अंगावरही अशी बांडगुळे असतात. काही वरून चिकटतात. गुरांच्या गोचिडी, कोंबड्यांच्या उवा, पक्ष्यांच्या पिसांतल्या त्या चपट्या माश्या. काही पोटात राहतात, ते जंत. आणि काही इतके बारीक असतात, की ते थेट रक्तात घर करतात. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब धरल्याशिवाय ते दिसत नाहीत.

पक्ष्यांच्या रक्तातले हे जीव प्रथम नीट पाहिले ते डॅनिलेव्हस्की नावाच्या शास्त्रज्ञाने, खारकोव्ह शहरी, १८८४ च्या सुमारास. आणि १८९८ साली आपल्याच देशात, कलकत्त्याला, रोनाल्ड रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा अभ्यास करून दाखवून दिले, की हा रोग डास पसरवतो. माणसाच्या हिवतापाचे कोडे सुटले त्यात पाखरांचा असा वाटा आहे. पुढे कळले, की पक्ष्यांच्या रक्तातले दुसरे काही परोपजीवी चिलटांमार्फत पसरतात, काही पिसांतल्या चपट्या माश्यांमार्फत, तर काही वाहत्या ओढ्यात वाढणाऱ्या लहान काळ्या चावऱ्या माश्यांमार्फत.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. रानातला पक्षी धरून तपासला, तर त्याच्या अंगावर किंवा अंगात काही ना काही परोपजीवी बहुधा सापडतोच. पण म्हणून तो पक्षी आजारी असतो असे नाही. तो उडतो, शिकार करतो, पिल्ले वाढवतो. पाहुणा घरात आहे, पण घरधन्याने त्याला ओसरीवरच बसवून ठेवले आहे, अशी ही स्थिती. मग तो पाहुणा ओसरी सोडून माजघरात केव्हा शिरतो? खरा प्रश्न हा आहे.

यासाठी आपल्या घरच्या कणगीचे उदाहरण घेऊ. कणगीत जेवढे भात असेल, तेवढ्यात वर्ष काढायचे असते. त्यातूनच घरच्यांचे जेवण, त्यातूनच बियाणे, त्यातूनच बलुतेदारांचा वाटा आणि त्यातूनच राखणदाराचे धान्य. पक्ष्याच्या शरीराचा हिशेब असाच. मिळालेल्या अन्नातून त्याला उडायचे आहे, अंग ऊबदार ठेवायचे आहे, पिसे बदलायची आहेत, अंडी घालायची आहेत. आणि त्याच्या रक्तात रोगाशी झुंजणारे पांढऱ्या पेशींचे जे सैन्य आहे, त्या राखणदाराचेही पोट भरायचे आहे. कणगी भरलेली असली, म्हणजे सगळ्यांना मिळते. पण साल वाईट गेले, की आपण काय करतो? राखणदाराचा वाटा आधी कमी करतो. कारण आजची भाकरी आजच हवी असते, आणि चोर काही आजच येईल असे नाही. शरीरही नेमके हेच करते. आणि चोर तर आधीच ओसरीवर बसलेला असतो!

हा झाला तर्क. पण तर्काने शास्त्र होत नाही. आजारी पक्षी बारीक दिसला, तर आधी काय झाले हे नुसते पाहून कळणार नाही. आबांचा प्रश्न इथेच अडतो. यातून वाट काढायची तर एकच उपाय. पक्षी सारखे घ्यायचे, त्यांतल्या काहींना आपण होऊन जास्त अन्न द्यायचे, बाकीच्यांना त्यांच्या नशिबावर सोडायचे, आणि मग दोघांचे रक्त तपासायचे. फरक पडला, तर तो अन्नाचाच.

हा प्रयोग फिनलंड देशात झाला. तिथे बर्फाळ अरण्यात एक लहान घुबड राहते, टेंगमाल्मचे घुबड असे त्याचे नाव. त्याचे मुख्य अन्न म्हणजे व्होल नावाचे आखूड शेपटीचे उंदीर. या उंदरांचे एक विलक्षण असते. साधारण तीन वर्षांचे त्यांचे चक्र. एखादे वर्ष रान उंदरांनी भरून जाते, आणि मग एखादे वर्ष असे येते, की शोधून उंदीर सापडत नाही. म्हणजे सुकाळ आणि दुष्काळ यांचे रहाटगाडगे निसर्गानेच तिथे लावून दिलेले आहे. एर्की कोर्पिमाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांवर लाकडी पेट्या टांगल्या, घुबडे त्यांत राहू लागली. काही पेट्यांत त्यांनी आयते अन्न ठेवले, काहींत नाही. मग आईबापांच्या रक्ताचा थेंबभर नमुना घेऊन काचेवर पसरला. १९९० नंतरच्या दशकात हे काम झाले. खरुची हा लहान ससाणा आपल्याकडेही हिवाळ्यात येतो, तारेवर किंवा हवेत एका जागी फडफडत थांबलेला दिसतो. त्याच्यावरही त्यांनी असेच प्रयोग केले.

काय आढळले? जादा अन्न मिळालेल्या पक्ष्यांच्या रक्तात काही परोपजीवींचा भार कमी झालेला दिसला. आणि घरट्यात मुद्दाम जास्त पिल्ले ठेवून आईबापांचे कष्ट वाढवले, तेव्हा उंदरांच्या तुटीच्या वर्षी त्या कष्टांचा परिणाम रक्तात उतरला. सुकाळात तेवढेच कष्ट पक्ष्याला पेलले. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो पाखरांनाही चुकलेला नाही. तोंडे जास्त, अन्न कमी, आणि त्यात रोग.

या प्रयोगाने आबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले. होय, उपाशी राहिल्याने पक्षी आजारी पडतो. परोपजीवी आधीपासून असतोच. भूक त्याला माजघराचे दार उघडून देते.

गव्हाणी घुबडाच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट दिसते. हे घुबड सगळी अंडी एकदम घालत नाही. एकामागून एक, दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते, आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे पिल्ले उतरंडीसारखी असतात. थोरले चांगले मोठे झालेले असते, तेव्हा धाकटे नुकते कवचातून आलेले असते. उंदीर भरपूर असले, तर सगळी जगतात. कमी पडले, की थोरले ओढून घेते आणि धाकटे मागे राहते. आबांच्या पाटीखालचे पिल्लू बहुधा असेच शेंडेफळ असावे.

पण मंडळी, एवढ्यावर थांबलो तर गोष्ट फार सोपी होईल. मग उपायही सोपा. अन्न टाका, पक्षी निरोगी! तसे नाही. आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग ऐका.

अमेरिकेत ॲरिझोना प्रांतात टूसॉन नावाचे शहर आहे. आपल्या शिक्र्याचा एक भाऊबंद, कूपरचा शिक्रा, त्या शहरातल्या झाडांवर घरटी करतो. शहरात त्याला अन्नाची ददात नाही. माणसे दाणे टाकतात, पारवे आणि होले मुबलक, शिक्र्याला बसल्या जागी शिकार. तुम्ही म्हणाल, हा सुकाळच. पण १९९८ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले ते असे: शहरातल्या पिल्लांपैकी सुमारे ८५ टक्के पिल्लांच्या तोंडात ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म परोपजीवी सापडला. शहराबाहेरच्या रानात हेच प्रमाण सुमारे ९ टक्के होते.

असे का? हा परोपजीवी मुळात कबुतरांचा. कबूतर आपल्या पिल्लांना घशातल्या पिशवीतून दुधासारखा एक रस पाजते, त्या रसातून तो आईकडून पिल्लाकडे जातो. कबुतरांना त्याचा बहुधा फारसा त्रास होत नाही. पण तेच कबूतर शिक्र्याने मारून पिल्लाला भरवले, की परोपजीवी पिल्लाच्या घशात उतरतो. तिथे पिवळट, चुन्यासारख्या गाठी धरतात. घसा बंद होतो. आई ताजे मांस आणून चोचीशी धरते आणि पिल्लाला ते गिळता येत नाही. भरल्या घरात ते उपाशी मरते. पश्चिमेकडचे बाजदार, म्हणजे शिकारी पक्षी पाळणारे लोक, हा रोग शेकडो वर्षांपासून ओळखतात.

आता पाहा, इथे प्रश्न उलटा झाला. हे पिल्लू आजारी पडले म्हणून उपाशी राहिले. आणि तो आजार कशातून आला? अन्नातूनच. अन्न कमी नव्हते, पण ताटच दूषित होते.

स्पेन देशात मोरघारीच्या बाबतीत हेच दिसले. ही मोरघार आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरही आढळते. तिथल्या संशोधकांनी २००० साली लिहिले, की ज्या जोड्यांच्या आहारात कबुतरे जास्त, त्यांच्या पिल्लांत हा रोग जास्त. आवडीची शिकार कमी झाली, की पक्षी मिळेल त्या शिकारीकडे वळतो, आणि मिळेल ती शिकार कधी कधी रोग घेऊन येते. आपल्याकडे कबुतरांना दाणे टाकणे हे पुण्य समजतात. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला, तो तुम्ही ऐकलाच असेल. तो वाद माणसाच्या फुप्फुसांचा होता. पण कबुतरे जिथे दाटीने वाढतात, तिथे शिक्रे आणि ससाणेही जेवायला येतात, आणि त्या जेवणाचे मोल त्यांच्या पिल्लांना द्यावे लागू शकते, याचाही विचार व्हायला हवा.

तिसरी गोष्ट दाटीची. रानात शिकारी पक्षी विखुरलेले असतात. प्रत्येक जोडीचा आपला मुलूख. पण अन्न एका जागी ढिगाने पडले, की ते गोळा होतात. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, हॉटेलांचे उष्टे, शहराचा उकिरडा. अशा ठिकाणी घारींची कशी गर्दी उडते, हे लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत कुणालाही ठाऊक आहे. जत्रेत जशी साथ पसरते, तशीच ती या पंगतीतही पसरू शकते. शिवाय कोंबडी कशाने मेली हे घारीला कळत नाही.

आणि ताटात काय वाढले जाते, याचा सगळ्यात कडू धडा आपल्याच देशाने घेतला आहे. गिधाडांची गोष्ट परोपजीवीची नाही, पण इथे सांगितलीच पाहिजे. आपल्याकडची तीन जातींची गिधाडे १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत शंभरातली पंचाण्णवांहून अधिक नाहीशी झाली. आधी सगळ्यांना वाटले, काही रोगाची साथ असावी. २००४ साली कारण उघड झाले. गुरांना दुखण्यावर देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे औषध. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली सरकारने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. आपल्या रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यात चिरगावच्या बाजूला पक्षिमित्रांनी आणि गावकऱ्यांनी गिधाडांसाठी मेलेली जनावरे रानात ठेवण्याचे काम केले. तेव्हा अन्न देणे वाईट असे मी म्हणत नाही. अन्न किती आणि कसले, हे दोन्ही पाहून द्यावे लागते, एवढेच.

आता पुन्हा वडिवळ्याला येऊ.

मावळात भात पोटरीत आले, लोंब्या भरू लागल्या, की उंदीर आणि घुशी वाढू लागतात. घूस तर लोंब्या कापून बिळात साठा करते. शेतकऱ्याने ते मुकाट्याने पाहावे, असे कोण म्हणेल? पण आपण कुठला उपाय योजतो, याला महत्त्व आहे. रक्त न गोठू देणारी जी औषधे उंदरांसाठी मिळतात, ती खाल्लेला उंदीर तात्काळ मरत नाही. काही दिवस तो जिवंत असतो, मंद होतो, उघड्यावर येतो. घुबडाला असा उंदीर सगळ्यांत आधी सापडतो, आणि विष त्याच्या पोटात जाते. म्हणजे औषधाने घुबडाला दोन बाजूंनी गाठले. जो उंदीर मिळाला तो विषारी, आणि पुढे मिळेनासा झाला म्हणून उपासमार. उपासमारीच्या मागोमाग पिसांतल्या माश्या आणि रक्तातले परोपजीवी आहेतच.

मग करावे काय? उन्हाळ्यात बांध नीट करून बिळे उकरून काढावीत. बांध फार रुंद ठेवू नयेत, त्यांत घुशींना घर मिळते. शक्य तिथे सापळे लावावेत, आणि सगळ्या खाचरांच्या मालकांनी एकाच वेळी लावावेत. एकट्याने लावून उपयोग नाही, शेजारचे उंदीर आपल्याकडे येतात. औषध टाकायचीच वेळ आली, तर मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत. मेलेली कोंबडी उघड्यावर फेकू नये, पुरावी. खळ्याजवळचे जुने झाड, देवळामागचा वड उगीच तोडू नये. आणि घुबड घरावर बसले म्हणून त्याला दगड मारू नये. ते अशुभ नाही. आपल्या कणगीचा तो बिनपगारी राखणदार आहे. शिवाय घुबड मारणे किंवा पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक काम सुचवतो. गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळते आणि हाडे-केस यांची गोळी करून ओकून टाकते. घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली या काळपट गोळ्या पडलेल्या असतात. त्या जमवा. हातमोजे घाला, नाकाला रुमाल बांधा, गोळ्या उन्हात चांगल्या वाळवा. मुलांना काडीने त्या उकलू द्या. कवट्या मोजा. उंदीर किती, चिचुंद्री किती, पाखरू किती, असा तक्ता महिन्यावार वहीत मांडा. नंतर साबणाने हात धुवा. घरट्याजवळ मात्र जाऊ नका, पिल्लांना हात लावू नका. दोन-तीन वर्षे ही वही ठेवली, तर तुमच्या गावच्या घुबडाचा सुकाळ-दुष्काळ तुम्हाला समोर दिसेल. फिनलंडमधल्या विद्वानांनी आरंभ केला तोही असाच, मोजून आणि लिहून ठेवून.

आबांना मी हे सगळे सावकाश सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे मास्तर, भूक आणि दुखणं एका बैलगाडीचे दोन बैल. कुठला पुढं, कुठला मागं, हे विचारण्यात अर्थ नाही.” मी म्हटले, “आबा, बरोबर. पण गाडीचा कासरा पुष्कळदा आपल्या हातात असतो.” त्यावर ते काही बोलले नाहीत.

यंदा भात निसवल्यावर त्यांचा निरोप आला. औषध टाकले नाही. घरच्या पोरांना घेऊन बिळे उकरली. थोडे भात उंदरांनी नेले, ते नेलेच. पण गोठ्याच्या आढ्यावर रात्री पुन्हा फूत्कार ऐकू येतात. किती पिल्ले आहेत ते त्यांनी मोजलेले नाही. मीच त्यांना सांगितले होते, शिडी लावून पाहू नका म्हणून.